पाण्याकाठचे गाव निवडताना : जुन्नर-आंबेगावचा पाऊस आणि फुगवटा

पाण्याकाठचे, भरपूर पावसाचे आणि तरीही शहरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरचे गाव राहण्यासाठी शोधणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांची नजर सह्याद्रीच्या ज्या पट्ट्यांकडे वळते, त्यांत पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके अग्रक्रमाने येतात. माळशेज आणि भीमाशंकर या दोन टोकांमधला हा डोंगराळ प्रदेश सप्टेंबर महिन्यात इतका देखणा दिसतो, की काठोकाठ भरलेली धरणे, भातखाचरांची हिरवाई आणि ढगांत गेलेले कडे पाहून येथेच घर करावे असे कोणालाही वाटावे. परंतु ज्या पाण्याच्या ओढीने हा निर्णय घेतला जातो त्या पाण्याची घडण, त्याची मालकी आणि त्याचे वर्षभरातले वागणे समजून न घेता केलेली निवड येणाऱ्याला आणि तेथे आधीपासून राहणाऱ्याला, दोघांनाही महाग पडते.

पहिली गोष्ट अशी, की या दोन्ही तालुक्यांतील मोठे जलाशय निसर्गाने घडवलेली सरोवरे नाहीत. कुकडी प्रकल्प या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे असून, त्यांतील माणिकडोह आणि येडगाव ही कुकडी नदीवर, वडज मीना नदीवर आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे घोड नदीवर बांधलेले आहे. धरणांचा साठा टीएमसी या एककात मोजतात; एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. डिंभ्याचा उपयुक्त साठा, म्हणजे कालव्यातून सोडता येण्याजोगे पाणी, सुमारे साडेबारा टीएमसी आणि माणिकडोहचा सुमारे दहा टीएमसी आहे, तर येडगावचा साठा दोन टीएमसीच्या आतबाहेर आहे. धरणाच्या भिंतीमागे नदीच्या खोऱ्यात मैलोगणती पसरलेल्या पाण्याला फुगवटा म्हणतात, आणि घरासाठी जागा पाहणाऱ्याला जो काठ मोहात पाडतो तो बहुधा या फुगवट्याचा काठ असतो.

हा काठ स्थिर नसतो. प्रकल्पाचे पाणी मुख्यतः सिंचनासाठी असल्यामुळे ते ठरावीक पाळ्यांनी कालव्यात सोडले जाते, आणि अशा प्रत्येक पाळीला आवर्तन म्हणतात. वरच्या धरणांचे पाणी येडगावात उतरते आणि तेथून कुकडी डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने सुटू लागली की डिंभे आणि माणिकडोहच्या फुगवट्याची पातळी महिन्यागणिक खाली जाते, उथळ बाजूला पाणी शेकडो मीटर मागे सरते, आणि सप्टेंबरात ज्या ओट्यावरून लाटांचा आवाज ऐकू येत होता त्याच्यासमोर मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाचे मैदान उभे राहते. समुद्राचा काठही भरती-ओहोटीने हलतो, पण तो दिवसातून दोनदा परत येतो. येथे परतीसाठी पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते. म्हणूनच या भागात जागा पाहायची असेल तर ती प्रथम मे महिन्यात आणि मग जुलैत पाहावी. सप्टेंबर हा निर्णयाचा महिना नव्हे.

पावसाचेही तसेच आहे. जुन्नर तालुका सरसकट पावसाळी समजणे ही मोठी चूक ठरते, कारण सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढणारे मोसमी वारे आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकतात आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे होत जातात. डोंगराच्या आडोशाने कमी पाऊस मिळणाऱ्या अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, माळशेज या पट्ट्यात वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो, जुन्नर शहरापर्यंत येईतो तो सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो, आणि त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला असलेल्या आणे पठारावर पिण्याच्या पाण्याचीही वर्षानुवर्षे ओढाताण असते. पन्नास-साठ किलोमीटरच्या रुंदीत भाताचा मुलूख संपून बाजरीचा मुलूख सुरू होतो, हे ज्याने पाहिले नाही त्याला ‘जुन्नरचा पाऊस’ या शब्दांनी काहीच सांगितले जात नाही. पश्चिमेच्या मावळ भागात जून ते सप्टेंबर या काळात अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही, वाऱ्यासोबत आडवी येणारी झड भिंतीतून आत झिरपते, कपडे चुलीच्या उबेवर वाळवावे लागतात, आणि ज्या घराचे छप्पर भिंतीबाहेर पुरेसे पुढे आलेले नाही त्या घराला चार पावसाळ्यांत ओल लागते.

अधिक गंभीर प्रश्न उताराचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, मुसळधार पावसानंतर, आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर प्रथम पोचली ती एसटीच्या चालकामुळे. सह्याद्रीचा काळा कातळ टणक असला तरी त्यावर कुजलेल्या खडकाचा, म्हणजे मुरमाचा आणि मातीचा जाड थर असतो. सलग पावसाने हा थर पाणी पिऊन जड होतो आणि खालच्या कातळावरून घसरतो. उताराचा पायथा कापणे, झाडे काढणे आणि पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजवणे यांनी हा धोका वाढतो. उरलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे करण्यात आले, २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी घरे त्यांच्या ताब्यात दिली गेली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीतील रस्ते आणि भराव खचले. सरकारी यंत्रणा आणि अभियंते हाताशी असतानाही या मातीत सपाटी करणे इतके अवघड ठरते, तर डोंगराच्या कुशीत ‘पाण्याचे दृश्य’ मिळावे म्हणून खाजगी माणसाने यंत्र लावून केलेल्या सपाटीची हमी कोण देणार?

यानंतर येतो जमिनीचा प्रश्न, आणि तो केवळ कायद्याचा नाही. ज्या गावाचे नाव आंबेगाव तालुक्याला मिळाले ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पोटात आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव या जलाशयाला दिलेले आहे. धरणाने विस्थापित झालेल्यांत महादेव कोळी आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने होती, आणि त्यांतील कित्येकांनी फुगवट्याच्या वरच्या अंगाला, उरलेल्या चिंचोळ्या जमिनीवर संसार पुन्हा मांडला. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत घेतलेल्या पिकाला गाळपेर म्हणतात. या जमिनीवर शेती करण्याचा आणि जलाशयात मासेमारी करण्याचा हक्क मिळवण्यासाठी येथील आदिवासींनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने संघटित प्रयत्न केले, मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली, आणि या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शहरातून आलेल्या पाहुण्याला मे महिन्यात जो काठ ओसाड आणि बिनमालकीचा वाटतो, तो कोणाचे तरी शेत असतो, आणि त्यासाठी त्या माणसाने दोन वेळा किंमत मोजलेली असते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला विकायची तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शिवाय राज्यात सर्वत्र शेतजमीन विकत घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग मुख्यतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणजे आदिवासींच्या जमिनी आणि ग्रामसभा यांना राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे विशेष संरक्षण आहे. ‘शंभर रुपयांच्या कागदावर’ किंवा स्थानिक माणसाच्या नावाने व्यवहार करून देऊ असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर तेथून उठावे. ज्यांची एक जमीन राज्याच्या सिंचनासाठी गेली, त्यांची दुसरी जमीन शहराच्या विरंगुळ्यासाठी जाऊ नये, ही या कायद्यामागची भूमिका रास्त आहे आणि तिच्यातून पळवाट शोधणे हे अन्यायात भागीदार होणे आहे. वरसगाव धरणाच्या फुगवट्यावर उभारलेल्या लवासा या तलावनगरीचा २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेपर्यंत झालेला प्रवास पुणे जिल्ह्याने पाहिलेलाच आहे.

फुगवट्याचा नाद सोडला, की खरी निवड नदीकाठच्या जुन्या गावांमध्ये उरते, आणि ती निवड पुष्कळ समाधानाची आहे. कुकडीकाठचे जुन्नर हे सातवाहन काळापासून नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरचे नगर; शिवनेरीचा पायथा, निजामशाहीच्या आरंभीची राजधानी, एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेली पेठ, आणि आज नगरपरिषद, दवाखाने, महाविद्यालये असलेले गाव. येथे पाऊस सोसवेल इतका आहे आणि घाटमाथ्याचा पाऊस तासाभराच्या अंतरावर आहे. ओझरला येडगावचा फुगवटा विघ्नहर गणपतीच्या मंदिराला लागून आहे, आणि वरच्या धरणांचे पाणी येथूनच पुढे जात असल्याने पाण्याची सोबत अधिक काळ मिळते, मात्र यात्रेकरूंची वर्दळही वर्षभर असते. नारायणगाव सोयीचे, पुणे-नाशिक महामार्गावरचे, पण ते बाजाराचे गाव आहे. शांतता शोधणाऱ्याने तेथे केवळ खरेदीला जावे.

या सर्वांत, पाऊस खरोखर हवा असणाऱ्यासाठी, घोडेगाव उजवे ठरते. ते घोड नदीच्या काठी, डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला आहे. मावळचा भात आणि पूर्वेची बाजरी यांच्या सीमेवर असल्यामुळे पाऊस भरघोस आणि जमीन बऱ्यापैकी सपाट आहे. तहसील, न्यायालय, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे असल्याने गावाला बारमाही जाग आहे. नदीकाठी घर घेताना पूररेषेची चौकशी मात्र टाळू नये : सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग आखतो, आणि निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते. धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी सोडले की घोडेगावची नदी काही तासांत रूप बदलते.

कालव्याच्या पाण्याने या तालुक्यांत ऊस वाढला आणि उसाच्या दाट आडोशाला बिबट्यांनी घर केले. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच वास्तवातून उभे राहिले. शेताच्या बांधावरचा एकाकी बंगला त्यामुळे येथे शहाणपणाचा ठरत नाही, आणि संध्याकाळनंतर लहान मुले, कुत्री व शेळ्या अंगणात मोकळ्या न ठेवण्याची शिस्त नव्या रहिवाशालाही पाळावी लागते. गावठाणातले, चार घरांच्या ओळीतले, जुने कौलारू घर भाड्याने घेऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा, शेजाऱ्यांना कोणती भिंत ओल धरते आणि कोणत्या ओढ्याला पाणी चढते ते विचारावे, आणि खरेदीचा कागद त्यानंतरच करावा.