फुकटच्या ईमेलचा खर्च कोण उचलतो?

बुरोंडीत आमच्या वाडीच्या कमिटीचा एक ईमेल पत्ता होता. एका धडपड्या कार्यकर्त्याने तो स्वतःच्या फोनवरून काढून दिला होता. शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीच्या पोहोचपावत्या, पंचायत समितीशी झालेला पत्रव्यवहार, जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर भरपाईसाठी पाठवलेले कागद, सगळे त्यातच होते. पुढे तो मुलगा नोकरीसाठी मुंबईला गेला, जुना मोबाइल नंबर बंद झाला आणि पासवर्ड कुणालाच आठवेना. सेवा फुकट होती, त्यामुळे जाब विचारायला समोर माणूसच नव्हता. दोन विद्यार्थ्यांच्या पावत्यांसाठी आम्हाला पुन्हा दापोलीच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

त्यानंतर कमिटीच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर बसवायचे ठरवले. बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी विचारले, "हेही फुकटच ना? मग हे उद्या बंद पडणार नाही कशावरून?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना जे समजले, ते आपल्या सर्वच मंडळांच्या आणि तरुण कार्यकर्त्यांच्या कामाचे आहे.

पोस्ट वेगळे, पेटी वेगळी

आधी एक फरक समजून घेऊ. ईमेल पत्ता देणारी सेवा म्हणजे पोस्ट ऑफिस. थंडरबर्ड हे पोस्ट ऑफिस नाही, ती आपल्या घरातली कागदपत्रांची पेटी आहे. बहुतेक कंपन्यांच्या पत्त्यांवर आलेले ईमेल ते आपल्या संगणकावर उतरवून घेते. नेटवर्क नसतानाही जुने पत्र उघडता येते. किनाऱ्यावर पावसाळा काढणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको.

याचा अर्थ पोस्टाची गरज संपली असा नाही. पत्ता कायमचा बंद झाला तर नवे पत्र येणार नाही, पण पेटीत उतरवलेली प्रत आपल्याकडे राहील. एक खबरदारी मात्र हवी. नेहमीच्या जोडणीत कंपनीच्या सर्व्हरवरचे पत्र पुसले की संगणकावरचेही पुसले जाते. म्हणून महत्त्वाच्या पत्रांची प्रत थंडरबर्डमधल्या स्थानिक फोल्डरमध्ये ठेवावी आणि ते फोल्डर अधूनमधून पेन ड्राइव्हवर उतरवावे.

मोठ्या घराने हात आखडता घेतला तेव्हा

थंडरबर्डची पहिली पूर्ण आवृत्ती मोझिलाने डिसेंबर २००४ मध्ये आणली. फायरफॉक्स ब्राउझर याच मोझिलाचा. फायरफॉक्सला उत्पन्नाचे साधन आहे: त्यात ठरावीक सर्च इंजिन आधीपासून बसवण्याबद्दल पैसे मिळतात, आणि त्यातला मोठा वाटा गूगलकडून येतो. थंडरबर्डला असे काहीच नव्हते. ते जाहिराती दाखवत नव्हते आणि लोकांची माहितीही विकत नव्हते.

जुलै २०१२ मध्ये मोझिलाने जाहीर केले की थंडरबर्डवरचे पगारी काम कमी करून ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या हाती दिले जाईल. अनेकांना वाटले, संपले आता. पण स्वयंसेवकांनी ते सोडले नाही. २०१४ मध्ये त्यांनी आपल्यातूनच एक परिषद निवडली आणि कारभार हाती घेतला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. सॉफ्टवेअर एकदा लिहून झाले की काम संपले, असे नसते. थंडरबर्ड फायरफॉक्सच्याच पायावर उभे आहे. फायरफॉक्सने पाया बदलला की थंडरबर्डच्या भिंतीला तडे जातात. ते बुजवायला माणूस लागतो. विंडोज बदलते, ईमेल कंपन्या आपले सुरक्षेचे नियम बदलतात, कुठे तरी चोरवाट सापडते. कौले दर पावसाळ्याआधी शाकारावीच लागतात, तसेच हे. नवीन काही बनवायला उत्साही तरुण मिळतात. दरवर्षी तीच गळती काढायला फार थोडे तयार होतात. दिवसभर नोकरी करून रात्री हे काम करणाऱ्यांची दमछाक होणारच.

मुठीमुठीने भरलेली रास

२०१५ च्या अखेरीस मोझिलाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी थंडरबर्डने वेगळा आसरा शोधावा अशी भूमिका मांडली. चर्चा होत होत २०१७ मध्ये ठरले की कायदेशीर आणि आर्थिक घर मोझिला फाउंडेशनचेच राहील, पण खर्च थंडरबर्डने स्वतः उभा करायचा. जानेवारी २०२० मध्ये फाउंडेशनच्या मालकीची एम.झेड.एल.ए. टेक्नॉलॉजीज ही कंपनी स्थापून थंडरबर्डचे काम तिच्याकडे दिले गेले. कंपनी असल्यामुळे माणसे नेमता येतात आणि पुढे पैसे घेऊन एखादी सेवाही देता येते.

खर्च उभा राहिला तो वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून. २०२२ मध्ये सुमारे ६४ लाख डॉलर जमले, २०२३ मध्ये सुमारे ८६ लाख डॉलर. २०२३ मधले पैसे तीन लाखांहून अधिक देणगीदारांकडून आले. महिन्याला सुमारे दोन कोटी लोक हे सॉफ्टवेअर वापरतात, असे प्रकल्प सांगतो. म्हणजे शंभरातले जेमतेम दीड-दोन जण पैसे देतात आणि उरलेल्या सर्वांना ते फुकट मिळते.

खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगारांवर जातो. पगारी माणसे आली म्हणून स्वयंसेवक संपले नाहीत. अडलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, भाषांतर करणे, चुका शोधून कळवणे ही कामे आजही मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकच करतात. जमाखर्चाचा अहवाल उघडपणे प्रसिद्ध होतो. केवळ देणग्यांवर विसंबू नये म्हणून २०२५ मध्ये थंडरमेल ही पैसे देऊन घ्यायची ईमेल सेवा आणण्याची घोषणाही झाली आहे.

कोकणातल्या माणसाला ही रचना नवी नाही. गावची शाखा, मुंबईची शाखा, घरटी वर्गणी, गरजेला श्रमदान आणि वार्षिक सभेत सेक्रेटरीने वाचून दाखवलेला हिशोब. सभेत हिशोब मांडला गेला नाही, की पुढच्या वर्षी वर्गणी आटते.

एकट्याच्या खांद्यावर किती दिवस?

वर्गणी उभी राहिली नाही तर काय होते, याचे उदाहरणही ईमेलच्याच जगातले आहे. पत्र वाटेत कुणी वाचू नये म्हणून ते कुलूपबंद करणारे जी.एन.यू.पी.जी. हे मुक्त सॉफ्टवेअर जर्मनीतल्या वेर्नर कॉख यांनी १९९७ पासून सांभाळले. जगभरचे पत्रकार आणि कार्यकर्ते त्यावर विसंबून होते. हे काम बऱ्याच अंशी एकट्याने चालले होते आणि पैसा संपत आला होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही बातमी छापून आली आणि मग देणग्यांचा ओघ सुरू झाला. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी वर्षाला प्रत्येकी ५० हजार डॉलर देऊ केले. म्हणजे माणूस टेकीला आल्याचे छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

आपल्यालाही हा अनुभव आहे. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने बाबासाहेबांनी जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले. ते १९२३ मध्ये बंद पडले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले, त्याचे रकाने बाबासाहेबांनी बव्हंशी स्वतःच भरले, तेही १९२९ मध्ये थांबले. सुरुवात एखाद्या मोठ्या देणगीने होते, एकाच्या त्यागाने काही काळ चालतेही. टिकण्यासाठी मात्र पुष्कळांची थोडी थोडी वर्गणी नेमाने यावी लागते.

आपण काय करायचे?

काकांना मी असे उत्तर दिले: हे कधीच बंद पडणार नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पण ते कशावर चालते, हे आपल्याला दिसते. त्याचा कोड खुला आहे. एका संस्थेने हात काढून घेतला तर दुसरे ते उचलू शकतात, आणि २०१२ नंतर थंडरबर्डच्या बाबतीत बऱ्याच अंशी तेच झाले. ज्या फुकट सेवेत आपल्याला हिशोबही दिसत नाही आणि माणूसही भेटत नाही, तिथे आपण सभासद नसतो, केवळ आश्रित असतो.

प्रत्येकाने डॉलर पाठवावेत असे नाही. ज्याला परवडते त्याने वर्षातून एकदा थोडे द्यावे. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी चूक दिसली की ती नीट लिहून कळवावी, हीसुद्धा मदत आहे. मराठी चांगली असणाऱ्यांनी भाषांतराला हात लावावा. मोझिलाचे भाषांतर पोंटून या खुल्या व्यवस्थेवर चालते आणि फायरफॉक्स मराठीत मिळतो तो अशाच स्वयंसेवकांच्या मेहनतीमुळे. इंग्रजीला बिचकणाऱ्या आपल्या आई-काकांसाठी हे काम आहे.

मंडळाच्या पातळीवर आम्ही तीन ठराव केले. पत्ता कमिटीच्या नावाचा असेल आणि पासवर्ड किमान तीन पदाधिकाऱ्यांकडे असेल. दर महिन्याला पत्रांची प्रत उतरवली जाईल. आणि वार्षिक जमाखर्चात आपण वापरतो त्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी पाचशे रुपये असतील. रक्कम लहान आहे. पण सभेत ती ओळ वाचली गेली, तेव्हा काकांनीच पहिले अनुमोदन दिले.