वळिवड्याला पुन्हा पेटलेल्या चुली

लढाई थांबली की वर्तमानपत्रांतले मोठे मथळेही थांबतात. पण जिच्या घरातला माणूस गेला, जो पाय गमावून परत आला, ज्या पोरानं डोळ्यांदेखत घर जळताना पाहिलं, त्यांची खरी लढाई तेव्हा कुठे सुरू होते. शरीराच्या जखमेला पट्टी बांधता येते. मनाच्या जखमेला काय बांधायचं? "झालं गेलं विसरून जा," एवढंच आपण म्हणतो. विसरता येत असतं तर ते सांगायची वेळ कशाला आली असती?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात सापडतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते, आणि त्यांत बहुतेक बायका नि मुलंच होती. १९४० व ४१ साली रशियाच्या सरकारनं त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं होतं. थंडी, उपासमार आणि रोगराई यांत कुणाची आई गेली, कुणाचं मूल. १९४१ मध्ये सुटका झाली, आणि पुढे इराणमार्गे ही मंडळी हिंदुस्थानात आली. घरचे पुरुष पोलिश सैन्यात होते. हेच सैन्य १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोला लढलं. म्हणजे बघा, मागे सैबेरियाचं दुःख आणि पुढे रणांगणावरच्या माणसाची काळजी!

छावणीत काय होतं? एका मोठ्या भटारखान्यापुढे थाळी घेऊन रांगेत उभं राहायचं, असं इथे नव्हतं. कुटुंबाकुटुंबाला राहायला खोल्या आणि स्वयंपाकाची सोय होती. खर्चाला भत्ता मिळे, त्यातून बाया बाजारहाट करत, घासाघीस करत, आपापल्या चवीचं रांधत. मुलांसाठी पोलिश भाषेतल्या शाळा होत्या. प्रार्थनेला चर्च होतं, दवाखाना होता, बालवीरांची पथकं होती, नाटकं होत, सणवार साजरे होत. जे इथेच दगावले, त्यांना कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत रीतीप्रमाणे पुरलं गेलं. त्यांची थडगी आजही तिथे आहेत.

याला कुणी उपचार म्हटलं नसेल. सगळ्यांचीच दुःखं त्यानं मिटली असंही नाही. पण २००७ साली स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकारी तज्ज्ञांनी युद्ध आणि मोठ्या आपत्तींनंतर माणसाला कशाचा आधार लागतो, याचा अभ्यास मांडला. त्यात पाच गोष्टी आल्या: सुरक्षितपणा, मनाची शांती, आपल्या हातून काही होतं हा भरवसा, आपल्या माणसांशी नातं आणि आशा. वळिवड्याची चूल, शाळा, प्रार्थना आणि बाजार आठवा. पाचही गोष्टी तिथे सापडतात की नाही?

मैत्रिणींनो, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे फौजेतला माणूस नाही अशी गल्ली विरळाच. शेजारच्या घरी वाईट तार येण्याचे दिवस गेले, आता फोन येतो. पण घरावर कोसळायचं ते तसंच कोसळतं. अशा वेळी आपण काय करावं?

पहिलं म्हणजे, बोलायची जबरदस्ती करू नये. "रडून मोकळी हो," "नक्की कसं झालं ते सांग" असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकीनं विचारलं, तर जखम पुन्हा पुन्हा उकलते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. गरज काय ते पाहावं. ती बोलली तर मधे न तोडता ऐकावं. आणि नातेवाईक, डॉक्टर, पेन्शनचं कार्यालय, जिथे मदत मिळेल तिथपर्यंत तिला पोहोचवावं.

दुसरं, तिच्या हातातून सगळंच काढून घेऊ नये. पहिले काही दिवस डबा द्यावा, पोरांना शाळेत सोडावं. पण पुढे "तू बस, आम्ही करतो" हेच चालू राहिलं, तर माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो. भाजी काय आणायची, पोराचं नाव कोणत्या शाळेत घालायचं, हे तिनंच ठरवावं. जखमी पुरुषाचंही तेच. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढे ते पोहायला लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण दुकानाचा हिशेब, मुलांचा अभ्यास, असं एखादं त्याचं म्हणून काम घरात असायलाच हवं.

तिसरं, मुलांशी खोटं बोलू नये. "बाबा लांब गावाला गेलेत" म्हटलं की मूल रोज दाराकडे बघत बसतं. सोप्या शब्दांत खरं सांगावं. मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, लढाईचाच खेळ खेळायला लागलं, तर रागावू नये. जेवण, शाळा, झोप यांच्या वेळा मात्र मोडू देऊ नयेत.

तरीही काही वेळा घरचा आधार पुरत नाही. तेच प्रसंग स्वप्नात येणं, फटाक्याच्या आवाजानं थरकाप होणं, माणसं टाळणं, झोप उडणं हे महिन्याहून जास्त चाललं, किंवा दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावंच. हा भित्रेपणा नव्हे. १९८० सालापासून वैद्यकशास्त्रात या त्रासाला आजार म्हणून स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली, तर महिनाभर थांबू नये. माणसाला एकटं न सोडता लगेच मदत आणावी. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फोनजवळ लिहून ठेवा. तिथे मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

१९४८ मध्ये पोलिश मंडळी गेली. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेल्यामुळे अनेकांना घरी परतताच आलं नाही. कित्येक जण इंग्लंडला गेले. मग त्याच छावणीत फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले. त्यांनीही चुली मांडल्या, दुकानं थाटली. आज कापड घ्यायला आपण ज्या गांधीनगरच्या बाजारात जातो ना, तो त्यांनीच उभा केला.