पंचहौद मिशन व पवित्र नाम देवालय

पंचहौद मिशन व पवित्र नाम देवालय : पुणे शहराच्या गुरुवार पेठेतील अँग्लिकन परंपरेचे मराठी भाषिक ख्रिस्ती केंद्र व त्याचे मुख्य उपासनामंदिर. परिसरातील पाच हौदांवरून मिशनला हे नाव पडले. पुण्यातील सेंट मेरी चर्च (१८२५) हे छावणीतील यूरोपीय लोकांसाठी होते. पंचहौदचे देवालय मात्र जुन्या पेठांच्या वस्तीत, एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींसाठी बांधले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँग्लिकन पंथातील दोन धार्मिक संघांनी येथील कार्याला आकार दिला. त्यांपैकी एक ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेला धर्मगुरूंचा संघ व दुसरा वाँटेज येथील भगिनींचा संघ (१८४८). भगिनी १८७७ मध्ये पुण्यास आल्या. शाळा व वसतिगृहे ही मिशनच्या कार्याची प्रमुख अंगे होती. विद्वान धर्मांतरित पंडित नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे (१८२५–९५) यांचा मिशनशी निकट संबंध होता. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या याच भगिनींच्या साहाय्याने व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पवित्र नाम देवालय १८८५ मध्ये बांधून झाले. त्याची रचना इटालियन बॅसिलिका पद्धतीची आहे. सु. ४० मी. उंचीचा घंटामनोरा व त्यातील आठ घंटा प्रसिद्ध आहेत.

मिशनचे नाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात रूढ झाले ते ‘पंचहौद चहा प्रकरणा’मुळे. १८९० मध्ये येथील एका समारंभास न्या. महादेव गोविंद रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती मंडळी उपस्थित होती. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे पुणेवैभव पत्रात प्रसिद्ध करविताच सनातन्यांनी बहिष्काराची मागणी केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि त्यांनी चौकशीसाठी आयोग नेमला. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी १८९२ मध्ये घेतले व त्यामुळे सुधारकांचा रोष ओढवून घेतला. एका पेल्याच्या निमित्ताने विचारातील सुधारणा व आचारातील जातिबंधन यांतील अंतर उघड झाले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातील अँग्लिकन व इतर प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. हे देवालय तिच्या अखत्यारीत आले व ते पुणे धर्मप्रांताचे कॅथीड्रल आहे.