आठचा आकडा

दुचाकीचा परवाना काढायचा म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "ओळखीचं कोणी आहे का?" गाडी चालवता येते का, हे कोणी विचारत नाही. येते असं सगळेच धरून चालतात. मीही चाललो होतो.

स्कूटर मी मामूंकडे शिकलो. त्यांची एकच ताकीद होती : पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी उलटते. तो धडा मी वीस वर्षं पाळला. एका रात्री आर्वीहून कविसंमेलन आटोपून वर्ध्याला परतताना समोर कापसाची बैलगाडी आली. तिला ना दिवा, ना कंदील. मी सगळा जोर पायाच्या ब्रेकवर दिला. मागचं चाक जाम होऊन घसरलं. माझं गळ्याचं हाड मोडलं. मागे बसलेला मित्र डोक्यावर पडला. हेल्मेट फक्त माझ्याच डोक्यावर होतं. पुढचे सहा महिने त्याला शब्द आठवत नव्हते. कवीला!

ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो, म्हणून थांबवायची खरी ताकद तिथेच असते. मागचं चाक हलकं होतं, ते लगेच घसरतं. दोन्ही ब्रेक एकदम लावायचे, पुढचा दाबत न्यायचा, हिसका द्यायचा नाही. वाळूवर, ओल्या रस्त्यावर किंवा रस्त्यात वाळत घातलेल्या सोयाबीनवर अधिकच जपून. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. हात ब्रेकपर्यंत पोचेतो तेवढं अंतर गेलेलंच असतं. आणि वेग ४० चा ६० झाला, की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतं.

चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात, त्याची आपण थट्टा करतो. पण पाय न टेकता हळू वळण घ्यायचं तर क्लच, ब्रेक आणि नजर यांचा मेळ लागतो. नजर जिकडे, गाडी तिकडे. वेगात तोल गाडीच सांभाळते. माणसाचा कस लागतो तो संथ चालीत.

शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी निदान ३० दिवसांनंतर देता येते. हे दिवस सरावासाठी आहेत. त्या काळात गाडीवर लाल 'एल' हवा आणि मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणी नको. आपण ते वाट पाहण्यात घालवतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीखालच्या बिनगियरच्या गाडीचा. शिकवणीला जाणारी मुलं चालवतात त्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यांत सुमारे ७५ हजार दुचाकीवरची होती. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, पण आपल्याकडे ते आरशाला लटकतं. पट्टा न लावलेलं हेल्मेट तर माणसाच्या आधी जमिनीवर पोचतं.

हल्ली रविवारी सकाळी मुलीला रिकाम्या मैदानावर नेतो. विटांचे तुकडे ठेवून आठ आखतो. परवा तिने विचारलं, "अब्बा, परीक्षेत तुमचा पाय टेकला होता का?" मी खरं सांगितलं. मला आठ काढायला कोणी सांगितलंच नव्हतं.