फिरते काम आणि उभा ऊस



गट ऑफिसात लागणीची नोंद घेताना हल्ली एक नवाच प्रश्न कानावर येतो. पूर्वी लोक विचारायचे, "साहेब, बेणं कुठलं घालू?" आता साठीच्या आसपासचे सभासद विचारतात, "साहेब, समदं मोबाइलवर दिसतंय म्हणं. मग आम्ही जरा मुलूख बघत हिंडलो तर चालंल का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. निवृत्त शिक्षक, हिशेबनीस, ड्राफ्ट्समन असे संगणकावर काम करू शकणारे कितीतरी जण आपल्या सभासदांत आहेत. त्यांच्यासाठी आमचा एक अनुभव, आणि त्यातली आमची एक चूकही, येथे मांडीत आहोत.

आपले काम लॅपटॉपमध्ये घेऊन आज या गावी, दोन महिन्यांनी त्या गावी राहणाऱ्या माणसांना 'डिजिटल नोमॅड' म्हणतात. आपण त्यांना डिजिटल भटके म्हणू. या नावाचे पुस्तक त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी १९९७ सालीच लिहिले होते. पण घरबसल्या काम करण्याची सवय जगाला लागली ती २०२० च्या कोरोनात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एस्टोनिया या छोट्या देशाने अशा लोकांसाठी वर्षभराचा खास व्हिसा काढला. त्या वेळी महिना ३,५०४ युरो मिळकत दाखवावी लागे. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला. त्यात एका वेळी १८० दिवस राहता येते, मात्र पाच लाख बाहत शिल्लक दाखवावी लागते. आपल्या देशात फिरायला तर व्हिसाही लागत नाही. सिक्कीममधील याकतेन या खेड्यात २०२५ साली अशा लोकांच्या राहण्या-कामाची सोय करण्यात आली. म्हणजे हे केवळ तरुण पोरांचे खूळ राहिलेले नाही.

आता आमच्या गटातील एका सभासदांची गोष्ट. गावात त्यांना सगळे आण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. आण्णा शहरात एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन गावी आले, दोन एकर ऊस सांभाळू लागले. जुन्या ओळखीने यंत्राच्या भागांची ड्रॉइंग करून देण्याचे काम घरी येत असे. पुढे काकी गेल्या. मुलगी परगावी. संध्याकाळी घर खायला उठते, असे ते म्हणत. जून २०२३ मध्ये, सुरू उसाची मोठी बांधणी उरकल्यावर, ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, ड्रॉइंग कुठंबी बसून व्हतंय. दोन-चार महिने म्हैसूर, पाँडिचेरी करून येतो. ऊस पुतण्या बघंल. तुमचं काय मत?"

आम्ही म्हणालो, "आण्णा, खुशाल जा. मोटार मोबाइलवरून चालू-बंद करता. पुतण्या दर रविवारी फोटो पाठवेल. बांधणी झाली, आता काळजी कसली?"

हीच आमची चूक. फोटो दर रविवारी यायचे. आण्णा आम्हालाही पाठवायचे. हिरवागार ऊस! आम्हीही "छान" म्हणून मोकळे व्हायचो. सप्टेंबर अखेरीस आम्ही प्लॉटवर गेलो. बांधावरून सगळे ठीक दिसले. चार सऱ्या आत शिरलो आणि पाय थबकले. ठिकठिकाणी बेटे पिवळी पडून वाळत होती. एक ऊस धरून ओढला, तो मुळासकट सहज हातात आला. मुळ्या खाल्लेल्या, मातीत पांढरी जाडजूड अळी. हुमणी. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता, त्यामुळे नुकसान आणखी वाढले. पाऊण एकर ऊस हातचा गेला.

पुतण्याचा दोष नव्हता. त्याला फोटो काढ म्हणून सांगितले होते, त्याने बांधावरून काढला. कॅमेरा जिथे उभा केला तेवढेच दाखवतो. हे आम्हाला कळायला हवे होते. वळिवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर भुंगेरे जमतात. तेव्हाच ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे असतात. त्याच दिवसांत आण्णा बॅग भरीत होते आणि आम्ही त्यांना निरोप देत होतो.

आण्णांना फोन केला तेव्हा ते पाँडिचेरीत होते. काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "साहेब, मला वाटलं म्हातारपणी जरा जगून घ्यावं. ते चुकलं का?" आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्हीही चाळिशी ओलांडली आहे. निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न आमच्याही उंबऱ्याशी येऊन उभा आहे.

ते परत आले तेव्हा ओसरीवर बसून आम्ही दोघांनी एक वेळापत्रक केले. हिंडणे बंद करायचे नाही, पण ते उसाच्या कलाने करायचे. लागण, बाळबांधणी, मोठी बांधणी आणि भुंगेरे गोळा करण्याचे दिवस गावात. जूनअखेर निघायचे. सप्टेंबरात पंधरा दिवस परत यायचे. त्यात प्लॉट आतून बघणे, ई-पीक पाहणी आणि आपल्या कारखान्याची वार्षिक सभा, तिन्ही कामे होतात. २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, तो पाँडिचेरीहून निघत नाही! पुन्हा बाहेर, आणि तोडणीला गावात. पुतण्याला रीतसर मोबदला ठरवला. फोटो चार ठिकाणी, दहा सऱ्या आत जाऊन, बुडख्याजवळून काढायचा. मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून टाकली. पुढच्या दोन्ही हंगामांत प्लॉट नीट राहिला आणि आण्णाही हिंडले.

ज्यांना असे जायचे आहे त्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, प्रकृती. पाँडिचेरीत आण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या रविवारी संपल्या आणि चिठ्ठी घरी राहिली होती. डॉक्टरांचे कागद मोबाइलमध्येही ठेवावेत. आरोग्य विम्यासाठी असलेली ६५ वर्षांची अट एप्रिल २०२४ पासून निघाली आहे. तरी जुन्या दुखण्यांना खर्च मिळायला काही काळ थांबावे लागते, म्हणून विमा निघण्याआधी बराच अगोदर घ्यावा. दुसरी, निवृत्तिवेतन. हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण' सोयीने २०१४ पासून डिजिटल देता येतो, आणि २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. तिसरी, बँक. उसाचे बिल ज्या खात्यावर जमा होते त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवावा आणि ओटीपी कुणालाही, अगदी पुतण्यालाही, सांगू नये. चौथी, परदेशी जाणाऱ्यांनी पर्यटक व्हिसावर काम करीत बसू नये. त्या त्या देशाचा नियम आधी विचारून घ्यावा.

आणि एक गोष्ट मनात येते ती सांगतो. आपल्या उसासाठी दर हंगामाला बीड, अहिल्यानगर भागांतून टोळ्या येतात. तेही काम घेऊन गाव सोडतात, पण कोयता घेऊन, खोपीत राहायला, आणि म्हातारे आई-बाप मागे ठेवून. त्यांना निवड नसते. आपल्याला ती आहे, हे भाग्य आहे. निवड आहे तर ती व्यवस्था लावून करावी, एवढेच.

आण्णा यंदा म्हणाले, "साहेब, तिथं पोरं मला अंकल म्हणत्यात, रात्री संगट जेवायला बोलवत्यात. पण सप्टेंबर आला की पाय गावाकडं वळत्यात." आम्ही त्यांना आता "खुशाल जा" म्हणत नाही. "कधी येताय ते लिहून द्या," म्हणतो आणि ती तारीख आमच्या डायरीत टिपून ठेवतो.

ज्या सभासदांना असा बेत करायचा असेल त्यांनी निघण्यापूर्वी गट ऑफिसात येऊन आपल्या प्लॉटचे वेळापत्रक करून घ्यावे. मागे कोण बघणार त्याचे नाव व नंबर द्यावा. आता फोटो पाहून आम्ही समाधान मानणार नाही, सरीत शिरून बघू.