अर्धशिशीवरील दोन औषधे आणि खानदेशचा उन्हाळा

अर्धशिशीचे वारंवार येणारे झटके टाळण्यासाठी रोज घ्यावयाच्या औषधांत ॲमिट्रिप्टिलीन व प्रोप्रॅनोलॉल ही दोन नावे जुनी आहेत. दोहोंपैकी एकही ह्या व्याधीसाठी निर्माण झालेले नव्हे. पहिले १९६१ च्या सुमारास विषादरोगावरील त्रिवलयी औषध म्हणून प्रचारात आले; दुसरे, बीटा-रोधक वर्गातील औषध, जेम्स ब्लॅक यांनी हृच्छूलासाठी शोधले. त्याने अर्धशिशीही ओसरते, हे १९६६ साली हृद्रोग्यांवरील चाचणीत जवळजवळ योगायोगानेच ध्यानी आले. १९८७ साली झीग्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत दोन्ही औषधे निष्क्रिय गोळीहून सरस ठरली. गुण येण्यास दोहोंनाही काही आठवडे लागतात.

तेव्हा निवड रोगापेक्षा रोग्यावरच अवलंबून राहते. निद्रानाश वा उदासीनता जोडीला असल्यास ॲमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून देतात. रक्तदाब चढा असल्यास प्रोप्रॅनोलॉल सोयीचे. दमेकऱ्यास मात्र ते वर्ज्य होय.

पाठ्यपुस्तकातील विवेचन बहुधा येथेच थांबते. जळगाव-धुळ्यात ते तेथे थांबवून चालत नाही. मे महिन्यात जळगाव, भुसावळ येथे पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि रावेर-यावलच्या केळीबागांतील कामे तरीही चालूच असतात. ऊन, उपवास व पाण्याची तूट ह्यांनी अर्धशिशी बळावते. म्हणजे औषधाची गरज वाढावी नेमकी त्याच दिवसांत.

उष्ण्याशी झुंजताना शरीराचे उपाय दोन : घाम गाळणे आणि त्वचेकडे अधिक रक्त लोटणे. घर्मग्रंथींचे मज्जातंतू अनुकंपी संस्थेचे असूनही त्यांचा रासायनिक दूत ॲसिटिलकोलीन हा आहे, आणि ॲमिट्रिप्टिलीन नेमका त्याचाच मार्ग अडविते. तोंडाला कोरड पडते ती ह्याच कारणाने. घामही त्याच वाटेने कमी होतो. प्रोप्रॅनोलॉल घाम रोखीत नाही, परंतु नाडीचा वेग बांधून ठेवते. परिणामी श्रम व ऊन एकत्र आले असता त्वचेकडे वाढीव रक्त पोहोचविणे हृदयास कठीण जाते.

म्हणून रोगी दिवसभर कोठे व कोणते काम करतो, हा प्रश्न रक्तदाबाइतक्याच अगत्याने विचारला गेला पाहिजे. अल्प मात्रेत धोका अल्प, हे खरे. तथापि उन्हाळ्याच्या तोंडी मात्रा वाढविताना सावध असावे. उन्हाच्या भीतीने रोग्याने प्रोप्रॅनोलॉल स्वतःच एकाएकी बंद करणे तितकेच घातक, कारण त्यामुळे हृच्छूल उसळू शकतो. ते वैद्याच्या देखरेखीखाली क्रमाक्रमानेच उतरवावे लागते.