‘करी टाक’मधलं इंग्रजी

रावेर-यावलकडे केळी भरायला ‘पिकअप’ येते, धुळ्याच्या रस्त्यावर एसटी ‘ब्रेकडाउन’ होते, आजीला ‘चेकअप’ला नेतात. हे शब्द आता आपलेच झाले आहेत. पण आपण घेतली ती नामं. ज्या क्रियापदांपासून ती झाली, ती तिकडेच राहिली. म्हणून जळगावातला पदवीचा विद्यार्थी ‘ब्रेकडाउन’ सहज म्हणतो आणि ‘शी ब्रोक डाऊन’ वाचलं की अडखळतो: ती मोडली कुठे? तिला रडू कोसळलं, एवढाच अर्थ.

अशा क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या 1925च्या पुस्तकातून मिळालं. परक्यांना ती सर्वांत जड जातात, हे मात्र सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवलं होतं.

आमच्याकडे मुलं त्यांच्या याद्या पाठ करतात. मला हे पटत नाही, कारण किल्ली त्यांच्या घरातच आहे. अहिराणीत आई म्हणते, ‘करी टाक’. त्यातला ‘टाक’ काही फेकायला सांगत नाही. काम एकदाचं संपव, म्हणतो. इंग्रजीतला ‘अप’ पुष्कळदा हेच करतो. ‘ईट’ म्हणजे खा. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ताटात काही ठेवू नको. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. ‘कॅरी ऑन’मधला ‘ऑन’ आपल्या ‘करत राहा’मधल्या ‘राहा’सारखा. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे मात्र पाठच करावं लागतं.

खरी गोची जागेची. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं; पण पंख्याऐवजी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. उलट ‘लुक आफ्टर हिम’मधला ‘आफ्टर’ जागचा हलत नाही. आपण ‘पंखा बंद करून टाक’ म्हणतो, ‘करून’ आणि ‘टाक’ यांच्यामध्ये पंखा कधी आणत नाही. म्हणून ही अदलाबदल कानाला परकी वाटते.

वह्यांत ‘कोप अप विथ’ नेहमी सापडतं. बरोबर आहे ‘कोप विथ’. ‘कीप अप विथ’च्या नादाने तिथे ‘अप’ शिरतो. पूर्वी मी तो लाल शाईने खोडायचो. आता आधी विचारतो, का घातलास? एका मुलीने सांगितलं, ‘‘सर, शेवटपर्यंत निभावून नेलं, असं म्हणायचं होतं.’’ जागा चुकली होती, पण ‘अप’चं काम तिला बरोबर कळलं होतं.